निवाऱ्यातलं मोठं कुत्रं शेतातल्या घरी आणायचं आहे, स्वभाव कसा पारखावा?

धुऱ्यावरची बाभूळ

नमस्कार मंडळी. आम्ही केळापूर तालुक्यात, टिपेश्वरच्या जंगलाजवळच्या एका गावात राहतो. घर गावाच्या टोकाला, मागचं दार उघडलं की वावर. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि सहा वर्षांची मुलगी. कोठ्यात बैलजोडी, एक गाय, काही शेळ्या. अंगणात कोंबड्या.

आमचं जुनं कुत्रं म्हातारपणानं गेलं. तेव्हापासून रानडुकरं पार कोठ्यामागच्या हरभऱ्यापर्यंत यायला लागली आहेत. चाहूल देणारं कोणीतरी दारात हवं. पिल्लू आणायचं नाही असं ठरवलंय, कारण वेचणीच्या दिवसांत घरी सासूबाईंशिवाय कोणी नसतं आणि त्यांच्याच्यानं पिल्लाचं होणार नाही. म्हणून नागपूरकडच्या एका निवाऱ्यातून नसबंदी झालेलं, लसी दिलेलं मोठं कुत्रं आणायचा विचार आहे.

एकदा जाऊन आलो. तिथे एक तांबडा नर आहे, अंदाजे तीन वर्षांचा. आम्ही तिथे होतो तोवर पिंजऱ्याच्या कोपऱ्यात गप पडून होता. जवळ गेलो तरी उठला नाही, भुंकला नाही. मुलीनं जाळीतून बोट लावलं तरी हलला नाही. यांचं म्हणणं, एवढं गरीब कुत्रं दुसरं मिळायचं नाही, हेच आणू. मला मात्र खात्री वाटत नाही. तासाभराच्या भेटीत कुत्र्याचा स्वभाव कळतो का? काय पाहायचं, कोणाला काय विचारायचं? सासूबाई काठी टेकत चालतात, मुलगी धावती आहे, शेळ्या मोकळ्या असतात. चूक झाली तर कुत्र्यालाही परत पिंजऱ्यात जावं लागेल, त्याचं मला जास्त वाईट वाटतं.

वऱ्हाडी भाऊ

ताई, गप पडेल कुत्रं म्हंजे गरीब कुत्रं, हे काई खरं नोय. माहं सारं आयुष्य कुत्र्यायसंगं गेलं. भेलं कुत्रं बी असंच पडून रायते. मुंडकं भिताडाकडे अन् पाय पोटाखाली घेऊन. ते गरिबीनं नाई पडत, त्याले वाटते हालचाल केली का मार बसन. अन् मंग एखांद्या दिवशी लेकरू आंगावर पडलं का ते कचकन धरते. मंग लोक म्हन्तात का एकदम बदललं. ते बदललं नसते, पयलेपासून भेलेलंच असते.

पिंजऱ्याच्या भाईर काढाले लावा त्याले. ज्वारीची भाकर घेऊन जा, जराशी तेलात चुरून. समोर टाका अन् तुमी दूर व्हा. भुकेलं कुत्रं माणूस दूर गेल्यावरबी भाकरीले तोंड लावत नसन, तं समजा का ते लय भेलं हाय नाईतं बिमार हाय. अन् लेकराचं बोट जाळीत जाऊ देऊ नोका, हात जोडून सांगतो.

रोजची फेरी

ताई, मी अमरावतीजवळच्या एका निवाऱ्यात बऱ्याच वर्षांपासून जाते. सफाई, खाणं, फिरवणं, नवीन घरं शोधणं, सगळं करते. भाऊंनी जे लिहिलं ते अगदी बरोबर आहे. थोडं सविस्तर लिहिते.

निवारा कितीही चांगला असला तरी तिथे दिवसभर भुंकणं, फिनाइलचा वास, अनोळखी माणसं आणि अनोळखी कुत्री. तिथे दिसतो तो कुत्र्याचा तिथला स्वभाव. काही कुत्री तिथे मिटून जातात आणि घरी गेल्यावर महिन्याभरानं उघडतात. काही पिंजऱ्यात जाळीवर उड्या मारतात, ओरडतात, आणि बाहेर काढलं की पाच मिनिटांत मऊ होतात. म्हणून पिंजऱ्याबाहेरूनच 'हे शांत, ते तापट' असं ठरवू नका.

निवांत पडलेलं आणि मिटून गेलेलं यातला फरक डोळ्यांना दिसतो. निवांत कुत्रं एका कुशीवर सैल पडतं, पाय पसरलेले असतात, आवाज आला की कान हलतो, डोकं वर करून बघतं आणि परत टेकवतं. तोंड जरा उघडं असतं. मिटलेलं कुत्रं चारही पाय अंगाखाली घेतं, तोंड घट्ट बंद, अंग ताठ. तुमच्याकडे डोकं वळवत नाही पण डोळे वळवतं, त्यामुळे डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसतो. तुम्ही मुलीच्या बोटाबद्दल लिहिलंत, तेव्हा तो हलला नाही ही गोष्ट मला तरी दिलासा देणारी वाटत नाही. सहा वर्षांचं मूल समोर आलं तर साध्या मोकळ्या कुत्र्यानं वास घ्यायला नाक पुढे करावं, किंवा उठून लांब जावं. दोन्हीपैकी काहीच नाही म्हणजे ते थिजलेलं आहे.

आता भेटीत काय करायचं ते. त्याला निवाऱ्याच्या फाटकाबाहेर न्यायला सांगा आणि दोरी तिथल्या ओळखीच्या माणसाच्याच हातात राहू द्या. पहिला काही वेळ काहीच करू नका. त्याला जमीन हुंगू द्या, मुतू द्या. मग तुम्ही थोड्या अंतरावर जमिनीवर बसा, त्याच्याकडे तोंड करून नाही, कुशीला वळून. हाक मारू नका, हात पुढे करू नका. ते येतं का, हुंगून गेलं तर परत येतं का, ते बघा. परत येणं फार महत्त्वाचं. आलं तर छातीपाशी किंवा मानेच्या बाजूला हळू खाजवा, डोक्यावरून हात फिरवू नका. क्षणभर खाजवून हात काढून घ्या. सरकून अजून जवळ आलं तर त्याला हवंय. तोंड वळवलं, ओठांवरून जीभ फिरवली, झोप नसताना जांभई दिली, अंग झटकून लांब गेलं तर त्याला पुरे झालंय. त्याचं 'पुरे' तुम्हाला कळलं पाहिजे, कारण मुलीला तेच शिकवायचं आहे.

गुरगुरलं तर लगेच नापास करू नका. कशावर गुरगुरलं ते बघा. गुरगुरणारं कुत्रं निदान सांगून तरी चावतं. गुरगुरल्याबद्दल ज्यानं मार खाल्ला ते न सांगता चावतं.

सासूबाईंच्या काठीचं आधीच बघून घ्या. निवाऱ्यातल्या कुणाला तरी काठी टेकत लांबून चालत जायला सांगा. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी कुत्र्यांनी काठी खाल्लेली असते. ते दचकेल, मागे सरेल, चालेल. किती वेळात सावरतं ते बघायचं. हेच एखादी स्टीलची ताटली लांब खाली पाडूनही कळतं. दचकून मागे गेलं आणि थोड्या वेळानं 'काय पडलं' म्हणून हुंगायला आलं तर त्या कुत्र्यासोबत खेड्यात निभतं. दहा मिनिटांनंतरही शेपूट पोटाखाली आणि दोरी ओढत पळायची धडपड असेल तर पोळ्याचे ढोल, ट्रॅक्टर, डुकरांसाठी उडवलेले फटाके यात ते रोज मरेल. अशा कुत्र्याला शांत घर हवं, ते तुमचं नाही.

सगळ्यात जास्त माहिती मात्र पिंजरे झाडणाऱ्या माणसाकडे असते. कार्यालयातल्या माणसाकडे कागद असतात, झाडणाऱ्याकडे कुत्रं असतं. त्यांना बाजूला बसवून विचारा: झाडू घेऊन आत गेलात की हे काय करतं? ताट उचलताना? इंजेक्शनच्या वेळी किती जणांनी धरावं लागतं? बाया आणि माणसं यात फरक करतं का? पिल्लांना, छोट्या कुत्र्यांना कसं वागवतं? कुणाला दात लावले आहेत का, कधी, कशावरून? इथे कसं आलं, रस्त्यावरून उचललं की कुणी आणून सोडलं, आणि सोडताना कारण काय सांगितलं?

आणि परत जा, वेगळ्या वेळी. विदर्भातल्या उन्हाळी दुपारी कुठलंही कुत्रं साधूसारखं पडलेलं असतं. सकाळी खाण्याच्या वेळी जा.

गावकुस

एवढा खटाटोप कशाला? दिवाळीनंतर गावात पिल्लंच पिल्लं असतात. गावातलं पिल्लू घ्या. आई कशी आहे ते वर्षानुवर्षं आपण बघितलेलं असतं, ऊन-पाऊस, शेळ्या-कोंबड्या सगळं त्याच्या रक्तात असतं. निवाऱ्यातलं शहरातलं कुत्रं, त्यानं काय काय भोगलंय कुणाला माहीत. त्याला वावर म्हणजे काय तेही ठाऊक नसतं. घरात लहान मूल असताना अनोळखी मोठं कुत्रं आणणं मला बरोबर वाटत नाही. राग मानू नका.

गुरांचा दवाखाना

मी वाशीम जिल्ह्यात पशुवैद्यक आहे. गावकुस यांचा मुद्दा रास्त आहे. आई डोळ्यांसमोर असणं ही मोठी गोष्ट आहे. पण पिल्लू म्हणजे हमी नव्हे. पिल्लाचं माणसांशी, आवाजांशी, इतर जनावरांशी जमणं मुख्यतः तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यात घडतं. त्या काळात त्याला हाताळायला घरात माणूस हवा, आणि ताईंनी नेमकं तेच जमणार नाही असं लिहिलंय. वर पार्व्हो आणि डिस्टेंपर या पिल्लांच्या जीवघेण्या रोगांचा धोका असतोच. आपल्याकडे पिल्लं डोळे उघडल्या-उघडल्या आईपासून तोडून आणतात, त्यांना चावण्याचा जोर आवरायला भावंडांकडून शिकायलाच मिळत नाही. मोठ्या कुत्र्यात जे आहे ते बरंचसं समोर असतं. फक्त दोन वर्षांच्या आतलं असेल तर स्वभाव अजून पक्का व्हायचा आहे हे धरून चाला.

आता त्या तांबड्याबद्दल. मला आधी शंका येते ती आजाराची. गोचिडांमुळे होणारा ताप आपल्याकडे भरपूर. रक्त कमी होतं, कुत्रं निस्तेज पडून राहतं आणि लोक त्याला गरीब म्हणतात. उपचारानंतर अंगात जीव आला की खरा स्वभाव दिसतो. हिरड्या बघा, फिकट पांढऱ्या आहेत का. कानात आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड आहेत का. नुकतीच नसबंदी झालेली असेल तरी कुत्रं दुखण्यानं गप असतं. उलटही होतं: कान पिकलेला, कंबर दुखणारी, दात सडलेला असा प्राणी हात लावताच अंगावर येतो आणि उगाच 'चावरा' ठरतो. म्हणून स्वभाव पारखण्याआधी रक्ततपासणी करून घ्या. नागपूरला आणि अकोल्याला पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने आहेत, तिथेही होते.

रेबीजबद्दल निक्षून सांगतो. लसीचं कार्ड तारखेसह बघा, नुसतं 'झालंय' ऐकू नका. पहिल्यांदाच लस टोचली असेल तर पूर्ण संरक्षण यायला साधारण २८ दिवस धरतात. त्यानंतर दरवर्षी. स्वभाव बघताना किंवा नंतर केव्हाही दात लागले, लहानसा ओरखडा असला तरी, वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. हळद, मिरची, चुना काही लावू नका. कुत्रं लसवंत असलं तरी ठरवायचं काम डॉक्टरांचं. लक्षणं दिसू लागल्यावर रेबीजमधून माणूस जवळपास कधीच वाचत नाही.

धुऱ्यावरची बाभूळ

सगळ्यांचे मनापासून आभार. बोटाचं वाचून अंगावर काटा आला. मुलीला जवळ बसवून समजावलं.

एक विचारायचं राहिलं. मिस्टरांनी मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला, त्यात परदेशी निवाऱ्यात कुत्रं जेवत असताना लांब दांड्याला लावलेला रबरी हात ताटात घालतात आणि चावलं तर नापास करतात. असं काही आपण करून बघावं का? शेपूट ओढून, ताट काढून बघा, असं गावातही सांगतात.

आकडेमोड

नका करू. मी यवतमाळला शाळेत गणित शिकवतो, दोन कुत्री निवाऱ्यातूनच आणलेली आहेत, आणि या चाचण्यांबद्दल त्या वेळी बरंच वाचलं होतं.

रबरी हाताची पद्धत अमेरिकेतली. तिथल्या एएसपीसीए या प्राणिकल्याण संस्थेची सेफर नावाची स्वभावचाचणी प्रसिद्ध आहे: कुत्र्याच्या डोळ्यांत बघणं, अंगाला हात लावणं, पंजा दाबणं, जेवताना आणि खेळण्याजवळ त्रास देणं, दुसरं कुत्रं समोर आणणं, असे तिचे टप्पे आहेत. २०१६ मध्ये गॅरी पॅट्रोनेक आणि जॅनिस ब्रॅडली या अभ्यासकांनी अशा सगळ्या चाचण्यांचा हिशेब मांडणारा लेख लिहिला. त्याच्या मथळ्याचा अर्थच असा की या चाचण्या नाणं उडवण्यापेक्षा काही बऱ्या नाहीत.

कारण साधं आहे. आकडे मी समजावण्यापुरते घेतोय. समजा १०० कुत्री आहेत आणि त्यांतली १० खरोखर धोकादायक आहेत. चाचणी चांगली आहे, १० पैकी ८ पकडते. उरलेल्या ९० सज्जनांत ती पाचातल्या एकाला चुकून नापास करते, म्हणजे १८. आता नापास झाले २६, आणि त्यांत खरे धोकादायक फक्त ८. शिवाय २ पास होऊन घरी गेले ते वेगळेच. धोकादायक कुत्री जितकी कमी, तितकी ही गफलत मोठी.

ताटाबद्दल वेगळा अभ्यास आहे, २०१३ चा. निवाऱ्यात ताटावर गुरगुरणाऱ्या कुत्र्यांपैकी साधारण निम्मीच नव्या घरी तशी वागली. आणि निवाऱ्यात न गुरगुरलेल्यांपैकी साधारण पाचातलं एक घरी गेल्यावर गुरगुरलं. उपाशी राहिलेला, शेजारी दहा कुत्री असलेला जीव ताट राखणारच. आपल्या घरी याची सोय सोपी: कुत्र्याला कोठ्यामागे वेगळं जेवायला द्या आणि ते जेवताना मुलीनं तिकडे जायचं नाही. मुद्दाम डिवचून राग येतो का हे पाहण्यात अर्थ नाही, डिवचल्यावर कुणालाही येतो.

रोजची फेरी

+१. आम्हीही असलं काही करत नाही. शेपूट ओढून बघणाऱ्यांना आम्ही कुत्रं देत नाही.

वऱ्हाडी भाऊ

मास्तर, लय बराबर सांगतलं.

ताई, शेळ्यायचं इसरू नोका. मानसात चांगलं अन् शेळीवर धावनारं असे कुत्रे म्या लय पायले. शहरातलं कुत्रं जिंदगीत शेळी पायत नाई. दोरी पक्की धरून दुरून शेळी दाखवा. भुकलं, उड्या मारल्या, तं तेवढं मनावर नोका घेऊ. नजर पाह्यजा. आंग ताठ, मुंडकं खाली, डोये शेळीवरून हालतच नाईत, हाक मारली तरी कान फिरत नाई, टाकलेली भाकर दिसत नाई, तं ते कुत्रं तुमच्या कोठ्याचं नोय. अन् शेळीकडं पायलं, हुंगलं, मंग तुमच्याकडं पायलं, मातीत नाक घातलं, तं काम जमते. कोंबड्यायचं त्याऊन अवघड, कोंबडी फडफडली का चांगल्या कुत्र्याचंबी मन बिघडते.

जंगलकाठ

चंद्रपूर जिल्ह्यातून लिहितोय, ताडोबाच्या बाजूनं. स्वभावाइतकंच हेही बघा की तुमच्या जागेला कोणता स्वभाव झेपेल. टिपेश्वरजवळ म्हणजे वाघ आणि बिबट दोन्ही. बिबट्यासाठी कुत्रं हे सोपं भक्ष्य. अति धीट कुत्रं रात्री काळोखात धावून जातं आणि परत येत नाही. आपल्याला धीट नको, जागं हवं. अंगणात उभं राहून भुंकणारं आणि हाक मारली की मागे येणारं. निवाऱ्यात दोरीला धरून चालताना मध्येच हाक मारून बघा, नावाला किंवा नुसत्या आवाजाला मान वळते का. माणसाकडे वळून बघणारं कुत्रं जंगलकाठी टिकतं.

साखळीला बांधून रात्री बाहेर ठेवू नका, बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याला वाढलेलं ताट. कोठ्यात आत, दार लावून. आणि डिस्टेंपरची लस नक्की द्या. कुत्र्यांचा तो रोग जंगली जनावरांनाही लागतो.

धुऱ्यावरची बाभूळ

बऱ्याच दिवसांनी लिहितेय, पण सगळं सांगायचंच होतं.

डॉक्टरांनी लिहिल्याप्रमाणे निवाऱ्याला रक्ततपासणीची विनंती केली. गोचीडताप निघाला. खर्चातला काही वाटा आम्ही उचलला. महिनाभराच्या गोळ्यांनंतर आम्ही गेलो तर तांबडा ओळखू येईना. उभा राहून शेपूट हलवत होता, अंग भरलं होतं. फाटकाबाहेर नेल्यावर रोजची फेरी यांनी लिहिलं तसं मी कुशीला वळून बसले. आधी आला नाही, मग आला, हुंगून गेला, परत आला. खाजवल्यावर अंगाला रेलून उभा राहिला. काठीला दचकला पण लगेच सावरला. ताटली पडली तर स्वतःच बघायला गेला. मला तर रडूच आलं. यांनी तिथेच सांगून टाकलं, आजच नेतो.

पण निवाऱ्यामागच्या माळावर शेळ्या चरत होत्या. भाऊंचं वाचलेलं होतं म्हणून मी थांबवलं. तिथल्या पिंजरे झाडणाऱ्या मुलानं दोरी दुहेरी गुंडाळून धरली आणि दुरून नेलं. भाऊ, तुम्ही लिहिलंत ते शब्दन् शब्द घडलं. भुंकला नाही, ओढलं नाही, नुसता ताठ झाला. डोकं खाली, नजर शेळीवर. मी हाक मारली, मुलानं मारली, मी भाकर नाकासमोर धरली, काही नाही. मुलगा म्हणाला, उंदीर आणि मांजर दिसलं तरी असाच होतो. आधी विचारलं असतं तर सांगितलं असतं म्हणाला.

त्याच मुलाला मग मी पिंजरा झाडण्याचे सगळे प्रश्न विचारले, एकेका कुत्र्याबद्दल. त्यानं एका भुऱ्या मादीकडे नेलं. वय सहा-सात वर्षं, तोंडाभोवतीचे केस पांढरे पडलेले, एका कानाला नसबंदीची खाच. आम्ही दोन्ही वेळा तिच्या पिंजऱ्यावरून पुढे गेलो होतो. ती वीटभट्टीवर राहायची, भट्टीवाल्यांच्या शेळ्या-कोंबड्यांत. भट्टी बंद झाली, माणसं गावी गेली, ही राहिली. कुणी नवं आलं की तीन-चारदा भुंकते आणि मग येऊन हुंगते. झाडू घेऊन गेलं तर उठून दुसऱ्या कोपऱ्यात बसते. माळावर नेलं तर शेळ्यांमधून चालत गेली आणि बाभळीखाली बसली. मुलगी माझ्यामागे उभी होती, कुत्री तिच्या पायाजवळ येऊन हुंगून गेली.

एक गोष्ट चांगली नाही: डाव्या मागच्या पायाला हात लावला की मान झटकन वळवते, दात दाखवते. जुनं दुखणं आहे म्हणे. अशी कुत्री लहान मुलाच्या घरात न्यावी का? निवारा म्हणतो, आधी महिनाभर सांभाळायला न्या, जमलं तरच कागद करू.

गुरांचा दवाखाना

पायाचं एक्स-रे करून घ्या. सांधा धरलेला असेल तर वेदनाशामक औषधानं फरक पडतो. माणसासाठीच्या गोळ्या मात्र देऊ नका, पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन कुत्र्याला घातक ठरू शकतं. दुखऱ्या जागी हात लावल्यावर मान वळवून दात दाखवणं आणि तिथेच थांबणं, यात मला तिचा संयम दिसतो. दात लावायची पूर्ण संधी होती, तिनं लावले नाहीत. मुलीला एकच नियम: कुत्रीजवळ आपण जायचं नाही, ती आपल्याजवळ आली तर मानेला खाजवायचं, आणि झोपलेली असताना अजिबात नाही. मोठं माणूस नजरेसमोर नसताना दोघींना एकत्र सोडू नका. नियम पाळता येणार असेल तर न्या.

गावकुस

वीटभट्टीची कुत्री म्हणजे आपल्याच खेड्यातली झाली. माझा आक्षेप मागे.

रोजची फेरी

ताई, महिनाभर सांभाळायला नेणं हीच खरी चाचणी. आम्ही नव्या घरांना तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा ढोबळ अंदाज देतो. पहिले तीन दिवस ती दडपलेली असेल, कदाचित खाणार नाही, भुंकणारही नाही. यावरून काही ठरवू नका. तीन आठवड्यांत घराची रीत कळते आणि काही खोड्याही वर येतात. तीन महिन्यांत ती तुमची होते. या काळात पाहुणे, बारसं, वाढदिवस टाळता आले तर टाळा.

पहिल्या दिवसांत सर्वांत मोठा धोका पळून जाण्याचा. गाडीतून उतरवताना दोन दोऱ्या लावा, एक गळपट्ट्याला आणि एक छातीच्या पट्ट्याला, कारण घाबरलेलं कुत्रं मान मागे ओढून गळपट्ट्यातून निसटतं. गळपट्ट्यावर मोबाइल नंबर लिहा. काही आठवडे फक्त लांब दोरीवर, तुमच्यासोबत धुऱ्यानं रोज एकच फेरी, म्हणजे हद्द तिच्या नाकात बसेल. फवारणीच्या दिवसांत पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, नेऊ नका आणि औषधाचे डबे, फवारणीपंप धुतलेलं पाणी तिच्या तोंडाला लागणार नाही असं बघा.

धुऱ्यावरची बाभूळ

भुरी घरी आली. छोटा हत्ती टेम्पोत मागे गोणपाट टाकून आणली, दोन दोऱ्या लावूनच उतरवली. दोन दिवस काही खाल्लं नाही, मग सासूबाईंनी टाकलेली ताक-भाकर खाल्ली. रात्री कोठ्यात आत असते. एक्स-रेत जुनं मोडलेलं हाड निघालं, गोळ्या सुरू आहेत. कोंबड्या सध्या खुराड्यातच ठेवतोय, भाऊ, त्यांना केव्हा सोडू?

वऱ्हाडी भाऊ

घाई नोका करू. आधी खुराड्याजवळ दोरीवर बसवा, रोज सकाळी दाना टाकता ना, तवा. कोंबड्या फडफडल्या अन् तिनं तुमच्याकडं पायलं का भाकरीचा तुकडा द्या. चार-पाच रोज वळून पाह्यते असं दिसलं, मंग दोन कोंबड्या सोडा, दोरी हातातच. वीटभट्टीवर राह्यली हाय, लवकर जमन.

कपाशीची बोंड

इतके दिवस नुसती वाचत होते. आमचं घर हिंगणघाटला आहे, उंच भिंतीचं कंपाउंड, जनावर एकही नाही, मुलं मोठी होऊन बाहेरगावी गेली. आम्ही दोघंच असतो, सकाळ-संध्याकाळ फिरायला जातो. शेळ्यांवर नजर रोखणारा तो तांबडा अजून तिथेच आहे का? आम्हाला भेटायला जायचं आहे. दोरीवरच फिरवू, मोकळा सोडणार नाही.

धुऱ्यावरची बाभूळ

आहे, परवाच विचारलं होतं. निवाऱ्याचा पत्ता आणि त्या झाडणाऱ्या मुलाला कोणत्या वेळी भेटायचं ते व्यक्तिगत निरोपात कळवलंय. गोळ्यांचा कोर्स झाल्यावरची रक्ततपासणी झाली का ते आधी विचारा. जाताना भाकर तेलात चुरून न्या, त्याला आवडते.